मीठ खाल्लेला सर्व्हर

ऑफिसात किस्से आणि गुंडाळलेले नकाशे कधी साठतात ते कळत नाही. साफसफाई म्हणून एखाद्या रविवारी कपाट उघडावं, तर एकेक गुंडाळी उलगडून बघण्यातच दुपार निघून जाते आणि टाकून काहीच होत नाही. परवा भाच्याने सहज विचारलं, "मामा, ऑफिसला छोटा सर्व्हर घ्यायचाय. मशीन कोणतं घेऊ? ऑपरेटिंग सिस्टिम कोणती टाकू?" मी म्हटलं, "बस. चहा टाकतो." त्या बिचाऱ्याला एका वाक्यात उत्तर हवं होतं. त्याला जे ऐकावं लागलं ते आता तुम्हीही ऐका!

गोष्ट नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. जुन्या पनवेलात आमचं जमीन मोजण्याचं आणि नकाशे काढण्याचं ऑफिस होतं. भागीदार दोघे. एक मी, गुप्ते. दुसरा जनार्दन म्हात्रे. डिप्लोमाला आम्ही एका बाकावर बसलो, थिओडोलाइट नावाच्या एकाच मोजणीच्या दुर्बिणीवर शिकलो आणि एकाच विषयात नापास झालो. एवढं झाल्यावर भागीदारी करण्यावाचून इलाज नव्हता!

जागा म्हात्रेच्या घराचा तळमजला. वर त्याचे वडील, नाना; म्हात्रे स्वतः बिऱ्हाड करून दुसरीकडे राहायचा. नानांचं आयुष्य मिठागरात गेलेलं. जागा देताना त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "जनाला एकट्याला देत नाय. दोगांना देतो. एकट्या मानसाच्यानं बांध उभा राहत नाय." रोज पहाटे उठून तेच ऑफिस उघडायचे, झाडून घ्यायचे, उदबत्ती लावायचे. आम्ही पोचायचो तेव्हा सगळं लख्ख असायचं.

तिसऱ्या सलमाताई. आमच्या ड्राफ्ट्समन. आम्हा दोघांना मिळून जेवढं कळायचं, तेवढं त्या डबा खाताखाता आवरायच्या. ऑफिसात खरा दरारा त्यांचाच.

* * *

तेव्हा आमच्याकडे तीन कॉम्प्युटर होते आणि तिघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. या टेबलावरचा नकाशा त्या टेबलावर न्यायचा तर फ्लॉपीत घालून उठायचं. एकाच नकाशाच्या चार फ्लॉप्या व्हायच्या आणि प्रत्येकीवर ‘फायनल’ लिहिलेलं असायचं.

व्हायचं तेच झालं. सुकापूरच्या एका पाटलांच्या प्लॉटच्या नकाशात चुकून शेजारच्या प्लॉटची विहीर आली. जुनी फ्लॉपी, दुसरं काय! पाटील नकाशा घेऊन आले. मी खजील होऊन म्हटलं, "पाटील, चूक झाली आमची. ही विहीर काढून देतो."

पाटलांनी नकाशा झटकन मागे ओढला.

"काढू नका वो! र्‍हाऊ द्या. फकस्त त्या बाजूवाल्याला सांगू नका!"

पाटलांची समजूत घालून विहीर परत मिळवायला आठवडा गेला. नकाशा हातात आला त्याच दिवशी ठरलं, सर्व्हर घ्यायचा. सगळे नकाशे एका जागी, आणि ‘फायनल’ म्हणजे एकच फायनल.

* * *

मशीन तयार ब्रँडेड घ्यायचं की सुटे भाग आणून जोडायचं, यावर आमचा पहिला वाद झाला. म्हात्रे म्हणाला, "घर आपण बांधलेलं घेतो का बांधून घेतो?" तो जिंकला. मग त्याने मुंबईहून जो कॅबिनेट आणला तो दारातून आडवा करून आत घ्यावा लागला. "उद्या वाढवायचं म्हटलं तर जागा पाहिजे," हे त्याचं म्हणणं. पनवेलचा माणूस, बांधकाम करताना वरच्या मजल्याचे गज मोकळे ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

नाना बघायला खाली आले. झाकण उघडंच होतं. त्यांनी वाकून आत पाहिलं. एवढ्या मोठ्या पेटीत कोपऱ्यात एक पाटी, एक डिस्क आणि चार वायरी.

"आत तं सगली जागा रिकामीच हाय," नाना म्हणाले. "भाड्यानं द्या!"

* * *

मेमरी आणायलाही म्हात्रेच गेला. दुकानदाराने त्याला बजावलं होतं, "अंगात स्टॅटिक करंट असतो साहेब, तो लागला की चिप मेली. अधूनमधून धातूला हात लावत जा." म्हात्रेने ‘अधूनमधून’ हा शब्द सोडून बाकीचं सगळं लक्षात ठेवलं.

परत येताना एसटीत तो उभा राहिला. एक हात वरच्या दांडीला, दुसरा खिशातल्या मेमरीवर. गाडी मानखुर्दला अर्धी रिकामी झाली तरी हा उभाच.

कंडक्टर म्हणाला, "अहो, एवढ्या सीटा रिकाम्या आहेत. बसा की!"

म्हात्रे गंभीरपणे म्हणाला, "नको. मी हात सोडला तर माझी मेमरी जाईल."

कंडक्टरने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि हळूच विचारलं, "घरचं कोणी सोबत नाही का?"

* * *

मशीन जिन्याखाली ठेवायचं ठरलं. वायरमन आला आणि म्हणाला, याला स्वतंत्र अर्थिंग लागेल. खड्डा खणायचा, त्यात पत्रा पुरायचा आणि भोवती कोळसा आणि मीठ भरायचं. मिठाची दोन पोती बाजारातून आणतो म्हणाला.

‘बाजारातून’ हा शब्द वरच्या मजल्यापर्यंत गेला. नाना ताडताड जिना उतरून खाली आले.

"माझ्या दारात बाजारचा मीठ? जना, तुला लाज कशी नाय वाटत?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या भावकीच्या आगरातून टेम्पो आला. नाना स्वतः खड्ड्याशी उभे राहून वायरमनला सांगत होते, "हात राखू नको. पोटभर घाल!" खड्डा भरल्यावर वर थोडं पाणी ओतलं आणि जाड्या खड्यांचा तो ढीग हळूहळू खाली बसला.

म्हात्रे छाती फुगवून म्हणाला, "गुप्त्या, आता हा आमचं मीठ खाल्लेला सर्व्हर. बेइमानी करणार नाही!"

* * *

खरी लढाई पुढेच होती. ऑपरेटिंग सिस्टिम कोणती?

मी युनिक्सचा. कारण दादरला रविवारी-रविवारी मी त्याचा कोर्स केला होता आणि काळ्या पडद्यावर पाचसात कमांड टाइप करता आल्या की आपण कोणीतरी आहोत असं मला वाटायचं. म्हात्रे एनटीचा, म्हणजे विंडोज एनटीचा. कारण तो एका बोटाने टाइप करायचा आणि एनटीत माऊसने सगळं होतं हे त्याने कुठेतरी पाहिलं होतं.

दोन्हीकडचे विक्रेते आले. युनिक्सवाला मुंबईहून टाय लावून आला. म्हणाला, "सर, आमची सिस्टिम महिनोन्‌महिने बंद करावी लागत नाही." म्हात्रे म्हणाला, "पनवेलची लाईट तुम्हाला माहीत नाही वाटतं!" एनटीवाला नवीन पनवेलच्या सेक्टरमधलाच. तो स्कूटरवरून आला. म्हणाला, "इतकं सोपं आहे की लहान मूलही चालवेल." मी म्हटलं, "मग मोठ्यांनी काय करायचं?"

सलमाताई म्हणाल्या, "तौबा! एवढी चौकशी माझ्या लग्नात मुलाची केली नव्हती. वापरून बघा ना दोन्ही!"

मान्य झालं. त्याच मशीनवर पहिला आठवडा युनिक्स, दुसरा आठवडा एनटी. जी टिकेल ती आपली.

* * *

पहिल्या सोमवारी युनिक्स चढवलं. दिवसभर झकास चाललं. मंगळवारी सकाळी बघतो तर मशीन मध्येच बंद पडून पुन्हा चालू झालेलं, डिस्क तपासत बसलेलं आणि यूपीएसची बॅटरी रिकामी. बुधवारी तेच. गुरुवारीही तेच! सलमाताई चहा पिऊन यायच्या, तरी तपासणी चालूच.

म्हात्रे आतल्या आत खूश. तोंडाने मात्र म्हणायचा, "असू दे रे. बिचाऱ्याला सवय नसेल."

पुढच्या सोमवारी एनटी आलं. मंगळवारी सकाळी काय? मशीन पडून उठलेलं, डिस्क तपासणं चालू! मला जो आनंद झाला तो लपवायला मला तोंड धुवायला जावं लागलं. बाहेर येऊन म्हटलं, "काय रे, खाल्ल्या मिठाला जागला नाही वाटतं तुझा सर्व्हर?"

म्हात्रे हसला नाही.

यूपीएसवाल्याला बोलावून झापलं. त्याने यूपीएस नेऊन दुसरा आणला. तरी तेच. मशीन पडतं कधी ते आतल्या नोंदींत बघायचं असतं म्हणे. ते आमच्या कोर्समध्ये ज्या रविवारी शिकवलं त्या रविवारी मी एका लग्नाला गेलो होतो.

दिवसभर आमच्या डोळ्यांसमोर मशीन उत्तम चालायचं. जे काय व्हायचं ते ऑफिस बंद झाल्यावर. आणि चाव्या असलेल्यांत मशीनमधलं काही कळणारे मी आणि म्हात्रे, दोघेच. मग माझ्या डोक्यात तेच आलं जे त्याच्या डोक्यात आलं होतं: हाच मुद्दाम पाडतोय!

* * *

बोलणं बंद झालं. समोरासमोर टेबलं, आणि निरोप सलमाताईंमार्फत.

"सलमाताई, म्हात्रेंना सांगा, करंजाडेची मोजणी उद्या आहे."

"सलमाताई, त्याला सांगा, मला माहिती आहे."

दोन दिवस त्यांनी सहन केलं. तिसऱ्या दिवशी पेन्सिल टेबलावर आपटून म्हणाल्या, "मी नकाशे काढायला आहे. टपाल वाटायला नाही!"

त्याच संध्याकाळी म्हात्रे पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलला. रागावला की त्याची शहरी मराठी गळून पडायची. "खारघरला नवीन गाळे निघलेत. मी बघून आलोय. तू हितं बस तुझ्या युनिक्सला घेऊन. आपला जमनार नाय आता."

मी म्हटलं, "बरं."

बरं म्हटलं खरं, पण घरी जाऊन मला जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर सांगता येईना. काय सांगणार? बत्तीस शिराळ्याच्या मोजणीत भर उन्हात ज्याच्या डोक्यावर मी छत्री धरली, नापास झालो तेव्हा ज्याने माझ्या वडिलांना तोंड दिलं, तो एका मशीनपायी चालला होता. मला फार वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. म्हटलं, जायचं तर जा. पण आधी तुला रंगेहाथ पकडतो!

* * *

दुसऱ्या दिवशी सहाला सगळ्यांदेखत निघालो. एक चक्कर मारून, दिवेलागणीच्या आत, मागच्या दाराने गुपचूप ऑफिसात शिरलो. आत अंधारलं होतं. जिन्याखाली सर्व्हरचा हिरवा दिवा तेवढा जळत होता. मी नकाशे छापायच्या प्लॉटरच्या मागे उकिडवा बसलो. म्हटलं, येऊ दे आता साहेबांना.

पाय भरून आले. डास चावत होते. मारायची सोय नव्हती.

तेवढ्यात जिन्यावर चपलांचा आवाज आला. दार उघडलं. कोणीतरी आत आलं, भिंतीवरच्या मेन स्विचच्या लोखंडी पेटीपाशी गेलं आणि खटकन दांडा खाली ओढला! यूपीएस टीं टीं करून ओरडायला लागला. ती आकृती पेटीला हात जोडून वळली. खिडकीतल्या उजेडात तोंड दिसलं.

"नाना!" मी ओरडलो.

"नाना!" ड्रॉइंगच्या टेबलाखालून दुसरा आवाज आला.

नानांनी बॅटरी पेटवली. आधी तिचा झोत प्लॉटरमागे माझ्यावर पडला, मग टेबलाखाली. तिथे म्हात्रे गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. माझ्या आधी अर्धा तास येऊन, मला पकडायला!

नाना आळीपाळीने दोघांकडे बघत राहिले.

"मना वाटला चोर हायेत," ते म्हणाले. "हे तं भागीदार निघाले!"

* * *

मग नानांनीच उलगडा केला. मिठागरात बांधाला उघाडी असते, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर करायची झडप. दिवस मावळला की ती बंद करून यायचं. विसरलात तर रात्री भरतीचं पाणी शिरतं आणि पिकलेलं मीठ विरघळतं. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. मिठागर सुटलं, सवय सुटली नाही. खाली ऑफिस झाल्या दिवसापासून ते संध्याकाळी मेन बंद करायचे आणि पहाटे चालू. आमचे साधे कॉम्प्युटर आम्हीच बंद करून जात असू, म्हणून इतकी वर्षं कुणाला पत्ता नव्हता.

"आणि ती पेटी ओरडते ती ऐकू येत नाही?" म्हात्रेने विचारलं.

"येतं की. थोडा येळ रडतं. मंग झोपतं."

आम्ही दोघे त्या अंधारात फरशीवर बसून जे हसलो! हसताहसता म्हात्रेच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग माझ्याही. ते कशाचं होतं हे दोघांनाही माहीत होतं. "खारघरच्या गाळ्याचं काय?" मी विचारलं. तो म्हणाला, "कुठलं खारघर?"

* * *

आता निवड सोपी व्हायला हवी होती. झालं उलटंच! मशीन रात्रभर चालू राहायला लागल्यावर दोन्ही सिस्टिमी सारख्याच ठणठणीत चालल्या. आणि दोघांनाही अपराधी वाटत असल्यामुळे म्हात्रे युनिक्ससाठी भांडायला लागला आणि मी एनटीसाठी!

"नाही रे, तुझंच घेऊ."

"छे छे, तुझंच चांगलं आहे."

सलमाताईंनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! तुमचं भांडण बरं होतं, निदान आवाज कमी होता. उद्या मशीन बिघडलं तर टायवाला मुंबईहून कधी येणार?"

"दोन दिवसांनी," मी म्हटलं.

"आणि तो स्कूटरवाला?"

"दहा मिनिटांत."

"मग विचारता काय?"

एनटी आलं! भाच्याला मी हेच सांगितलं. सगळी तुलना करून झाली ना, की शेवटी एवढंच बघ, कुणाचा माणूस स्कूटरवरून येतो.

* * *

राहिला प्रश्न नानांचा. "आजपासून मेन बंद करायचा नाही," असं म्हात्रेने सांगितलं आणि नाना लगेच "बरं" म्हणाले. पण उघाडी उघडी टाकून त्यांना झोप कुठली! संध्याकाळ झाली की जिन्याच्या पायरीवर येऊन बसायचे आणि त्या लोखंडी पेटीकडे बघत राहायचे. जेवणावरची वासना उडाली. म्हात्रेला ते बघवेना आणि खरं सांगायचं तर मलाही.

नाना उरणला भाचीच्या साखरपुड्याला गेले त्या दिवशी आम्ही वायरमनला बोलावलं. खरा मेन आतल्या कपाटात हलवला. भिंतीवरची जुनी पेटी होती तशीच ठेवली, दांड्यासकट. फक्त तिच्या आतल्या सगळ्या वायरी काढून घेतल्या. मी शिडी धरली, म्हात्रेने बॅटरी. भिंतीवर चुन्याचा हात फिरवला, पोपडे झाडून काढले. कुणाला संशय येण्यासारखं काही उरलं नाही.

संध्याकाळी नाना परतले. म्हात्रे म्हणाला, "नाना, मशीनला आता वेगळी सोय केलीय. तुम्ही मेन बंद करत जा पूर्वीसारखा."

नानांनी दांडा खटकन खाली ओढला, हात जोडले आणि वर जाऊन पोटभर जेवले. त्या दिवसापासून त्यांचा नेम पुन्हा सुरू झाला. आम्ही आपल्या हुशारीवर बेहद्द खूश!

पुढे बऱ्याच महिन्यांनी एकदा संध्याकाळीच आख्ख्या पनवेलची लाईट गेली. यूपीएस संपायच्या आत स्कूटरवाल्याने शिकवल्याप्रमाणे सर्व्हर नीट बंद केला आणि मी आणि म्हात्रे रोजच्यासारखे दाराबाहेरच्या पायरीवर गप्पा मारत बसलो. आत-बाहेर मिट्ट काळोख.

नाना बॅटरी घेऊन जिना उतरले. नेहमीप्रमाणे पेटीपाशी गेले, दांडा खटकन ओढला, हात जोडले.

मला राहवलं नाही. "नाना, गावातच लाईट नाही. बंद काय केलंत?"

"लाईट असती तरी," नाना म्हणाले, "या पेटीत वायर कुठं हाय?"

म्हात्रेने कसंबसं विचारलं, "नाना... मग रोज कशाला बंद करता?"

नानांनी बॅटरीचा झोत पायरीवर टाकला. आधी त्याच्यावर, मग माझ्यावर.

"बांध बगाला येतो. दोगं हाव ना हितं?" ते म्हणाले. "बसा मंग." आणि बॅटरी विझवून वर गेले.